अंगावरचा पट्टा



सकाळी पलूसच्या रस्त्यावर जरा वेळ उभे राहिले, की किती माणसे गणवेशात दिसतात! कारखान्याचा सदरा, एसटीची खाकी, सिस्टरांचा पांढरा पोशाख, बँकेच्या दारातल्या वॉचमनची टोपी. १९१० साली शेजारी किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून पगारी नोकरी आपल्या भागाला नवी नाही.

मालकाने चाकराला दिलेल्या अशा पोशाखाला इंग्रजीत 'लिव्हरी' म्हणतात. शब्दाचे मूळ ऐकून आश्चर्य वाटेल. लॅटिनमध्ये 'लिबेरारे' म्हणजे मुक्त करणे. पुढे अर्थ सरकला: हातातून सोडणे, मग दुसऱ्याच्या हाती सोपवणे. त्यावरून फ्रेंचमध्ये 'लिव्रे', म्हणजे हाती दिलेली वस्तू. मध्ययुगातले सरदार पदरच्या माणसांना अन्नवस्त्र देत, ती लिव्हरी. घोड्याचा ठरलेला चाराही लिव्हरीच. पुढे अन्न मागे पडले, कपडा उरला. आज बसच्या ठरावीक रंगालाही हाच शब्द वापरतात. म्हणजे आपल्या लालपरीचा लाल रंग ही तिची लिव्हरी! सोडवण्याच्या शब्दातून बांधिलकीचा शब्द निघाला, ही भाषेची गंमत.

आपल्याकडे याच्या जवळचा शब्द 'पट्टेवाला'. मुंबई इलाख्यातल्या कचेऱ्यांत शिपायाच्या अंगावर पट्टा असे, त्यावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर कचेरीचे नाव. बिल्ल्याला चपरास म्हणत, म्हणून तो चपराशी. बिल्ल्यावर नाव कचेरीचे, माणसाचे नव्हे, हे लक्षात घ्या. तो रस्त्याने निघाला की लोक बाजूला होत. ते त्याला भिऊन नव्हे, पट्ट्याला भिऊन.

खरा प्रश्न इथे आहे. पट्ट्याच्या जोरावर जे केले, त्याचा जाब कोणी द्यायचा? इंग्लंडमध्ये सरदारांचे बिल्ले लावलेली माणसे गावोगाव दांडगाई करीत, कोर्टातल्या पंचांना धमकावीत, आणि धनी त्यांना पाठीशी घाली. शेवटी १३९० साली राजा दुसरा रिचर्ड याने लिव्हरी वाटण्यावर बंधने घातली. १५०४ साली सातव्या हेन्रीला पुन्हा कायदा करावा लागला. शंभर वर्षांत खोड गेली नव्हती!

'साहेबांनी सांगितले, मी केले' हे वाक्य आपणही ऐकतो. मला ते अर्धेच खरे वाटते. मालक कपडा देतो, पगार देतो, त्याबदल्यात आपले आठ तास आणि हातांचे कौशल्य घेतो. हा सौदा प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा मुळीच नाही. पण सदसद्विवेकबुद्धी त्याने आपल्याला दिलेली नाही, मग ती त्याला सोपवायची कशी? अर्थात, घरी चार तोंडे खाणारी असताना 'हे मी करणार नाही' म्हणणे किती जड जाते, हे वेदीजवळ उभे राहून सांगणाऱ्या माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

लूकच्या १५व्या अध्यायातला उधळ्या मुलगा आठवा. 'मला मोलकऱ्यासारखा ठेवा,' अशी विनंती मनात घोकत तो घरी आला होता. म्हणजे लिव्हरीच मागायला. बापाने त्याला उत्तम झगा घालायला लावला आणि काम काही सांगितले नाही. तो झगा आणून मुलाच्या अंगावर घातला चाकरांनी. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या अंगावर काय होते, हे लूक लिहीत नाही, आणि आम्ही धर्मगुरूही प्रवचनात त्यांच्याविषयी फारसे बोलत नाही.