मागून धक्का आला

दादरच्या पुलावर आपला पाय कुणाच्या पायावर पडला आणि त्याने वळून पाहिले, की आपल्या तोंडून निघणारे वाक्य ठरलेले असते : ‘काय करणार, मागून धक्का आला!’ तो गृहस्थही बहुधा शांत होतो. कारण पुढच्याच पायरीवर हे वाक्य त्याला स्वतःला वापरायचे असते. मुंबईत जाती, भाषा, पगार यांच्या पलीकडे जाऊन इतके सर्वमान्य झालेले दुसरे तत्त्वज्ञान मला तरी ठाऊक नाही.

परंतु ते खरे आहे का? मागच्याला विचारावे, तर त्यालाही मागूनच धक्का आलेला असतो. त्याच्या मागच्यालाही. असे करीत जिन्याच्या तळाशी जावे, तर तिथे नुकतीच उतरलेली माणसे असतात आणि त्यांना गाडीने बाहेर लोटलेले असते! आपल्या जुन्या दर्शनकारांना ‘अनवस्था’ नावाचा दोष फार छळीत असे : कारणाचे कारण, त्याचेही कारण, आणि शेवट कुठेच नाही. तिचे प्रात्यक्षिक सकाळी सव्वानऊला मध्य रेल्वेवरून पश्चिमेकडे जाताना साध्या पासावर पाहायला मिळते.

हा पूल ओलांडावा लागतो तो इतिहासामुळे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गेली ती जी. आय. पी.ची गाडी, 1855 साली स्थापन झालेली बी. बी. सी. आय. ही निराळी कंपनी, तिचे रूळ निराळे. 1951 साली इतर रेल्वे मिळवून त्यांच्या मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या, तरी दादरला दोघींच्या चुली वेगळ्याच राहिल्या. फलाटांचे आकडेसुद्धा! ‘एक नंबरवर भेट’ म्हटले, की ‘कुठल्या एक नंबरवर?’ हे आलेच. डिसेंबर 2023 मध्ये पश्चिमेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्यचे 8 ते 14 केले. आकडे एका पंगतीला बसले. माणसे मात्र अजून जिनाच चढताहेत.

दादरच्या शेजारीच परळ आणि एल्फिन्स्टन रोड (2018 पासून त्याचे नाव प्रभादेवी) या स्थानकांना जोडणारा पूल आहे. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. पाऊस आला म्हणून माणसे पुलावरच थबकली. मागून येणारी येतच राहिली. त्या चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. त्या सकाळी कुणाचा जीव घ्यावा असे कुणाच्याही मनात नव्हते. प्रत्येकाचा धक्का रोज देतो तेवढाच असणार.

मग त्या 23 मरणांचा भागाकार कसा मांडायचा? शेकडो माणसांत वाटले, तर एकेकाच्या वाट्याला येणारा दोष इतका बारीक होतो, की तो कुणालाच दिसत नाही. आणि बेरीज तर समोर आहे.

यावर कुणी म्हणेल, प्रवाशांना कसला दोष देता? पूलच अरुंद होता. हे मला मान्य आहे. पूल वेळेवर रुंद न करणाऱ्यांचे माप आधी त्यांच्या पदरात घातलेच पाहिजे. सौजन्य मनात असावे लागते, असे आपण मुलांना शिकवतो. त्याला दोन फूट मोकळी जागाही लागते, हे शिकवायचे राहून जाते. जिथे थांबताच येत नाही, तिथे म्हातारीसाठी थांबायचे कुणी? अरुंद जिना माणसाला नुसता चिरडीत नाही. भले वागण्याची सोयदेखील तो काढून घेतो.

आणि तरीही! त्याच जिन्यावर डोक्यावर ओली पाटी घेतलेली कोळीण चढू लागू द्या. मुंगीला वाट नव्हती तिथे हातभर वाट होते. इस्त्रीच्या सदऱ्यावर मासळीचे पाणी पडेल, एवढ्या भीतीने होते. ही जागा मघाशी, ती लेकुरवाळी कडेवरचे पोर सावरीत उभी होती तेव्हा, कुठे होती?

कधी कधी एखादा मध्यमवयीन कारकुनासारखा दिसणारा माणूस कठड्याला हात लावून पाय रोवून उभा राहिलेला दिसतो. मागचा धक्का त्याच्या पाठीत येतो आणि तिथेच थांबतो. दर्शनकारांना न सापडलेला साखळीचा शेवट तो हाच, असे मला वाटून जाते. याला मी परोपकार म्हणणार नाही. आपल्याला मिळालेला धक्का त्याने पुढे पाठवला नाही, इतकेच. पुढची बाई दोन पायऱ्या सुखाने चढते. तिला काही कळलेलेही नसते. मागचे मात्र ओरडत असतात, ‘अहो, चला की पुढे!’ तो उत्तर देत नाही. खाली विरारची गाडी सुटल्याचा आवाज येतो. तो घड्याळाकडे एकदा बघतो आणि सावकाश उतरू लागतो.