लिंबूटिंबूवर राज्य येत नाही

पकडापकडी खेळणाऱ्या प्रत्येक गल्लीत एक लिंबूटिंबू असतो. कुणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर सुट्टीत राहायला आलेली आतेबहीण. 'त्यालाही घ्या रे' असं घरून फर्मान आलेलं असतं, म्हणून त्याला घेतलेलं असतं. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, धापा टाकतो, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी ही सोय छान आहे. पण प्रत्येक लिंबूटिंबूला कधीतरी कळतंच की आपण खेळत नव्हतो, खेळाच्या कडेकडेने नुसते पळत होतो.

मोठेपणी हाच प्रश्न असा येतो: आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या किंवा कमी अनुभवाच्या माणसाला सूट देणं हा त्याचा मान आहे की अपमान? मला तो भेटला मेलबर्नमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, 'फूटी'च्या मैदानावर.

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू लंबगोल आणि मैदानही लंबगोल. एका संघात १८ खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण १५ मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर टप्पा देऊन उचलावा लागतो. फेकायला बंदी. पास द्यायचा तर लाथेने, नाहीतर एका तळहातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारला तर गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण. म्हणजे थोडक्यात हुकलं तरी थोडंसं मिळतं, हे मला या खेळाबद्दल सगळ्यात आधी आवडलं. आणि हो, या खेळात माणसं एकमेकांना जोरात आदळतात. हेल्मेट नाही, खांद्यावर पॅड नाहीत.

माझं वजन ६२ किलो. त्यामुळे मी सामील झालो तो प्रकार वेगळा: एएफएल नाइन्स. एका बाजूला ९ जण, लहान मैदान, स्त्री-पुरुष एकत्र, आणि अंगाला अंग भिडवायला मनाई. टॅकलऐवजी नुसता स्पर्श. चेंडू हातात असताना कुणी तुम्हाला शिवलं की तो लगेच सोडावा लागतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने 'आमच्यात एक माणूस कमी आहे, येतोस का?' असं विचारलं आणि मी गेलो. ऑक्टोबरचे दिवस होते. इथे तेव्हा घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे काम संपल्यावरही भरपूर उजेड उरतो.

ही बातमी ऐकून शेजारचे एक आजोबा म्हणाले, 'ही काही खरी फूटी नव्हे.' त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. धडक काढून टाकली तर मागे जे उरतं त्याला तोच खेळ म्हणायचं का?

या खेळाचा इतिहास वाचताना मला एक मजेदार गोष्ट सापडली. मेलबर्न फुटबॉल क्लबने १७ मे १८५९ रोजी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. फक्त १० नियम. ते लिहिणाऱ्यांत टॉम विल्स होता. तो इंग्लंडच्या रग्बी स्कूलमध्ये शिकलेला. तिथल्या फुटबॉलमध्ये 'हॅकिंग' चालायचं, म्हणजे समोरच्याच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारणं. मेलबर्नच्या नियमांत पाय अडकवून पाडायला आणि ढकलायला परवानगी होती, पण हॅकिंगला नाही. त्याचं एक कारण असं सांगतात की इथली जमीन कडक होती आणि खेळणारे शाळकरी पोरं नव्हते, नोकरी-धंदा असलेली मोठी माणसं होती. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं.

म्हणजे हा खेळ जन्मला तोच एक इजा वजा करून. हॅकिंगची सवय असलेल्या एखाद्याला तेव्हाही ते मिळमिळीतच वाटलं असणार. कुठली इजा खेळात धरायची आणि कुठली नाही, हे प्रत्येक खेळ कधीतरी ठरवतो, आणि ठरवलेलं पुन्हा तपासतोही. पॉली फार्मर हा या खेळातला दंतकथा झालेला खेळाडू. त्याच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, त्याच्या मेंदूत सीटीई हा आजार आढळला. डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा आजार. २०२३ मध्ये हेदर अँडरसन या २८ व्या वर्षी वारलेल्या महिला खेळाडूच्या मेंदूतही तोच सापडला. आता एएफएलमध्ये डोक्याला मार बसून कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान १२ दिवस सामन्याबाहेर बसावं लागतं. 'खऱ्या' खेळाची सीमासुद्धा अशी सरकत असते.

तर धडक नसणं हा माझा प्रश्न नव्हता. माझा प्रश्न पहिल्या दोन सामन्यांत उभा राहिला.

माझ्या हातात चेंडू आला की समोरचे लोक मंद व्हायचे. दुसऱ्या कुणाकडे चेंडू गेला की चार जण तुटून पडायचे. माझ्याकडे आला की दोन मीटरवर थांबून, हात पसरून, हसत उभे राहायचे. मी आरामात लाथ मारायचो, चेंडू भलतीकडे जायचा आणि दोन्ही संघांतून आवाज यायचा, 'गुड ट्राय, मेट!' यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. ज्याने आयुष्यात हा चेंडू हातात धरलेला नाही, ज्याचं नाव नीट उच्चारता येत नाही, अशा माणसाला ते सांभाळून घेत होते. त्यांच्या घरच्यांना अभिमान वाटावा इतकी सभ्य माणसं. आणि मला गल्लीतला लिंबूटिंबू आठवत होता.

तिसऱ्या सामन्यात माझ्यासमोर पन्नाशीच्या एक बाई होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी मला एकदाही सोडलं नाही. चेंडू माझ्या हातात पडायच्या आत त्यांचा हात माझ्या खांद्यावर. सहा वेळा चेंडू आला, सहाही वेळा मला तो घाईघाईत सोडावा लागला, त्यातले पाच तरी वाया गेले. त्यांच्याच संघातला एक जण म्हणाला, 'अगं, नवीन आहे तो.' त्या म्हणाल्या, 'मग शिकेल.' सामना संपल्यावर त्यांनी मला कडेला नेऊन ड्रॉप पंट शिकवली. चेंडू उभा धरायचा, वर उडवायचा नाही, सरळ पायावर सोडायचा, म्हणजे तो मागच्या बाजूला गिरक्या घेत सरळ जातो. वीस मिनिटं त्या शिकवत होत्या आणि तेव्हा मात्र अजिबात घाई करत नव्हत्या.

त्या रात्री मला जितकं आपलं आपलं वाटलं, तितकं या शहरात आल्यापासून वाटलं नव्हतं. का, ते समजायला वेळ लागला.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाचं 'द ग्रासहॉपर' हे १९७८ सालचं पुस्तक आहे. खेळ म्हणजे काय, एवढाच प्रश्न त्यात धरलेला आहे. त्याचं म्हणणं ढोबळपणे असं: खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपण होऊन पत्करणं. गोल्फचा चेंडू हातात घेऊन चालत गेलात तर तो खळग्यात टाकणं सोपं आहे. पण मग गोल्फ उरत नाही. फूटीमध्ये माझ्यासमोरचा सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे समोरचा माणूस. तो दयेपोटी बाजूला झाला की माझं काम सोपं होत नाही, माझ्यापुरता खेळच मैदानावरून उचलला जातो. बाकी १७ जण फूटी खेळत असतात आणि मी त्यांच्यात उभा राहून चेंडूला लाथ मारत असतो.

मग सूट देऊच नये का? इथे मला याच राज्यातली एक जुनी शर्यत फार कामाची वाटते. स्टॉवेल नावाच्या छोट्या गावात १८७८ पासून ईस्टरच्या सुट्टीत 'स्टॉवेल गिफ्ट' होते. गवतावरची १२० मीटरची धाव. पण सगळे एका रेषेवरून सुटत नाहीत. आधीची कामगिरी बघून प्रत्येकाला काही मीटरची सूट मिळते आणि सर्वांत वेगवान धावपटू सर्वांत मागून निघतो. सूट छापील असते, सगळ्यांना माहीत असते. पण एकदा बंदूक वाजली की कुणी कुणासाठी मंद होत नाही. उलट, जास्त सूट मिळावी म्हणून आधीच्या शर्यतींत मुद्दाम हळू धावलेला कुणी सापडला तर त्याला दंड होतो. म्हणजे सूट आहे, पण ती सुरुवातीच्या रेषेत आहे, धावणाऱ्याच्या पायांत नाही.

मला वाटतं, मान आणि अपमान यांच्यातला फरक इथेच आहे. नियमात लिहिलेली सूट सगळ्यांनी मिळून आधी मान्य केलेली असते, आणि ज्याला ती मिळते त्यालाही ती ठाऊक असते. तो 'नको' म्हणू शकतो, 'कमी करा' म्हणू शकतो. खेळता खेळता गुपचूप दिलेली सूट एकट्याने ठरवलेली असते. ती घेणाऱ्याला विचारलेलं नसतं, आणि आपण गोल केला की आपल्याला करू दिला, हेही त्याला कळत नाही.

आता धडकेच्या मनाईकडे पुन्हा बघा. १८ जणांच्या खऱ्या सामन्यात ९५ किलोच्या सभ्य माणसासमोर मी आलो तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: मला आडवं करणं किंवा मला सोडून देणं. नाइन्सचा नियम त्याला या पेचातून सोडवतो. मला इजा करण्याची मुभाच नाही म्हटल्यावर माझी दया करायचं कारणही उरत नाही. तो जिवाच्या आकांताने माझ्यामागे धावू शकतो. नियम मवाळ आहे म्हणूनच खेळ कडक होऊ शकतो. त्या शिक्षिका बाईंनी या नियमाचा अर्थ बाकीच्यांपेक्षा नीट ओळखला होता, एवढंच.

हे मैदानापुरतं नाही. आमच्या धंद्यात नव्या माणसाचा कोड रिव्ह्यूला येतो आणि सीनिअर मंडळी एक अंगठा टाकून मोकळी होतात. वाचणाऱ्याला वाटतं आपण चांगुलपणा केला. नव्याला सहा महिन्यांनी कळतं की आपलं कुणी वाचतच नव्हतं. त्याऐवजी पहिल्या महिन्यात काम कमी द्या, मुदत वाढवून द्या आणि ते सगळ्यांसमोर सांगा. पण दिलेल्या कामावर चाळीस कमेंट पडू द्या. पाहुण्याला कुणी भांडी घासायला सांगत नाही. ज्या दिवशी सांगतात, त्या दिवशी तो घरचा झालेला असतो.

एवढं सगळं पटलं तरी एक गाठ उरतेच. आमच्या मिश्र लीगमध्ये पुरुषाचा गोल ६ गुणांचा आणि स्त्रीचा ९. ही सूट नियमात आहे, छापील आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने मानाची असायला हवी. पण आमच्याच संघातली एक जण लहानपणापासून फूटी खेळते. माझ्या दुप्पट लांब लाथ मारते. प्रत्येक गोलनंतर फलकावर ९ लागले की तिचा चेहरा पडतो. 'मला कसली भरपाई देताय?' असं तिने एकदा विचारलं. दुसरी म्हणते, हा नियम आमच्या ताकदीबद्दल नाहीच, तुमच्या सवयीबद्दल आहे. तो नसेल तर पुरुष आपापसांतच चेंडू फिरवत बसतात, मोकळी उभी असलेली बाई त्यांना दिसत नाही. ९ गुण असले की बरोबर दिसते.

दोघींचंही खरं आहे. माझ्यातल्या इंजिनिअरला दुसरीचं आवडतं: माणसांना उपदेश करण्यापेक्षा गुणांची मांडणी बदला, वागणं आपोआप बदलेल. पण त्याच मांडणीमुळे काही संघ एका मुलीला गोलजवळ उभी करून ठेवतात, मधल्या खेळात तिला चेंडूच देत नाहीत, आणि शेवटी तिच्याकडून ९ वसूल करतात. चेंडू तिच्यापर्यंत पोचला, पण खेळ पोचला का?

पुढचा सीझन सुरू होण्याआधी हा नियम ठेवायचा की नाही, यावर आमच्या लीगमध्ये मतदान आहे. प्रत्येक खेळाडूला एक मत. मी ते कुणाला द्यायचं यावर बराच विचार केला, आणि मला वाटतं की ते माझ्याकडे असायलाच नको. सूट उघड असली पाहिजे हे बरोबर, पण तेवढं पुरत नाही. ती कधी संपवायची हे ठरवण्याचा अधिकार ज्यांना ती मिळते त्यांच्याकडे हवा. म्हणून मी समितीला एक छोटा ईमेल पाठवला आहे: या एका प्रश्नावर फक्त बायकांनी मत द्यावं. आमच्या संघातल्या त्या दोघी एकमेकींच्या विरोधात मत देतील हे मला माहीत आहे. जो निकाल लागेल त्या नियमाने आम्ही खेळू, आणि त्या समोरच्या संघात असल्या तर मी पूर्ण जोर लावून त्यांच्यामागे धावेन.