चौंडके आणि दाविदाचा नाच

निपाणीकडील एका मंडळीत नाताळासाठी शब्बाथशाळेच्या मुलांनी मेंढपाळांचा नाच बसवला होता. साथीला कोणीतरी चौंडके आणले. ते वाजताच एक वडीलजन उठून म्हणाले, "हे यल्लम्माचे वाद्य. प्रभूच्या मंदिरात नको." तरुण चिडले. निर्णय मजकडे आला.

मला हवाई बेटांची हकिगत आठवली. १८२० साली अमेरिकन बोर्डाचे मिशनरी तेथे उतरले. (त्याच वर्षी आपल्या बेळगावात लंडन मिशनचे काम सुरू झाले.) तेथील लोक हुला नावाचा नाच करीत. त्यांना लिपी नव्हती; राजांच्या वंशावळी, देवतांच्या कथा, डोंगर-समुद्रांची वर्णने ते गाण्यातून व हातांच्या हालचालींतून जपत. नाच शिकण्याच्या जागी लाका देवतेची वेदी असे. मिशनऱ्यांना त्यात मूर्तिपूजा आणि निर्लज्जपणा दिसला. १८३० मध्ये, बाप्तिस्मा घेतलेल्या काअहुमानू राणीने जाहीर हुलावर बंदी घातली. लोक लपून नाचत राहिले. १८८३ साली कालाकाउआ राजाने आपल्या राज्याभिषेकात तो पुन्हा उघडपणे करविला. वेदी होती, हे खोटे नव्हे. पण वेदीबरोबर वंशावळीही बाहेर टाकल्या जात होत्या.

त्याच अमेरिकन बोर्डाच्या अहमदनगरच्या कामात कृष्णराव सांगळे यांनी हरिदासांची कीर्तनपद्धती उचलली आणि ख्रिस्तचरित्र गाइले. आज त्याचा कोणाला विटाळ वाटत नाही. दावीद कोशापुढे नाचला, इस्राएल लोक सोन्याच्या वासरापुढे नाचले. नाच दोन्हीकडे होताच.

एवढे आधार जमवून मी चौंडक्याच्या बाजूने बोलू लागलो. तोच मागच्या बाकावरील एक वृद्ध भगिनी म्हणाल्या, "माझ्या आईला लहानपणी देवीला सोडलं. ती सांगायची, तवा हेच वाजत हुतं."

माझे बोलणे तेथेच थांबले. मुली देवीला सोडण्यास कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी घातली. पण त्या बाईंच्या कानांतला आवाज काही त्याने जात नाही. नैवेद्याच्या मांसाविषयी करिंथकरांस लिहिताना पौलाने मूर्ती काहीच नाही हे मान्य केले, तरी दुर्बळ विवेकाच्या भावासाठी ते मांस सोडण्याची तयारी दाखवली. या भगिनीचा विवेक दुर्बळ म्हणावा काय? मला तसे म्हणवत नाही. वडीलजनांची हरकत देवीला होती. यांची, तिच्या नावाने एका मुलीवर झालेल्या अन्यायाला. पहिल्या हरकतीस उत्तर आहे. दुसरीस मजपाशी नाही.

त्या नाताळात मुले ढोलकीवर नाचली. यंदा शिक्षकांनी चौंडक्याविषयी पुन्हा विचारले, तेव्हा मी त्यांना त्या बाईंच्या घरी पाठवले.