शेवटाच्या अलीकडचे सात महिने

13 जून 2008 रोजी अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीवर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा जो भाग दाखवला गेला, त्याच्या अखेरीस माणसांना पृथ्वी सापडते. जिच्या नुसत्या नावावर ही माणसं इतकी वर्षं तगून राहिली, ती पृथ्वी. ॲडमिरल ॲडामा वाकतो, मूठभर माती उचलतो, आणि किरणोत्सार मोजणारं यंत्र टिकटिकू लागतं. आभाळ राखाडी, समोर मोडून पडलेल्या शहराचे सांगाडे. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो, कुणी बोलत नाही आणि भाग संपतो. पुढचा भाग आला 16 जानेवारी 2009 ला. मधले सात महिने चाहत्यांच्या हातात फक्त ती जळालेली माती होती.

हा चौथा सीझन शेवटचा, हे 2007 मध्येच जाहीर झालं होतं. म्हणजे आता जेमतेम दहा भाग उरलेत हे प्रत्येकाला माहीत होतं. लाडकी मालिका संपत आली की चाहत्याच्या मनात जे जे होतं, ते सगळं या सात महिन्यांत एकवटलं होतं. पुढचं कधी बघतोय असं झालं होतं आणि पुढचं येऊच नये असंही वाटत होतं. ही घालमेल बाहेरच्या माणसाला पोरकट वाटते. मला ती फार गंभीर गोष्ट वाटते.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. माणसांनी सायलॉन नावाचे यंत्रमानव बनवले, त्यांनी बंड केलं, युद्ध झालं, तह झाला, चाळीस वर्षं शांततेत गेली. मग एके दिवशी सायलॉन परतले आणि माणसांच्या बाराही वसाहती त्यांनी अणुबॉम्बने बेचिराख केल्या. वाचली ती गॅलॅक्टिका ही जुनाट युद्धनौका. तिचं संग्रहालय व्हायचं होतं. तिच्यावरचे संगणक एकमेकांना जोडलेले नव्हते, म्हणून शत्रूला त्यांत शिरता आलं नाही. तिच्या आसऱ्याने उरलीसुरली नागरी जहाजं निघाली. राष्ट्राध्यक्षपद शिक्षणमंत्री लॉरा रोझलिनकडे आलं, कारण ती त्या पदाच्या रांगेत त्रेचाळिसावी होती आणि पुढचे सगळे मेले होते. आपल्याला स्तनाचा कॅन्सर आहे हे तिला त्याच दिवशी कळलेलं असतं.

रोझलिनच्या कार्यालयात एक पांढरा फळा आहे. त्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो. '33' या भागाच्या सुरुवातीला तो 50,298 आहे. दर 33 मिनिटांनी सायलॉन हल्ला करतात, त्यामुळे पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. आकडा खाली खाली येत जातो. भागाच्या अगदी शेवटी बातमी येते की एका जहाजावर बाळ जन्मलंय. रोझलिन उठते, फळ्यावरचा आकडा पुसते आणि त्यात एक मिळवते. अख्ख्या मालिकेतला सर्वांत मोठा क्षण मला विचाराल तर हा. पुढे हा आकडा शीर्षकातच दिसू लागला आणि भाग सुरू झाला की आमचे डोळे आधी तिथे जायचे.

या जगातल्या कागदांचे कोपरे कापलेले असतात. पुस्तकं, नकाशे, फाइली, सगळ्यांचे. तसं का, याचा खुलासा कुठेही नाही. सेटवरच्या माणसांनी मात्र वर्षानुवर्षं कागद न् कागद कापला. आपल्याकडच्या प्रेक्षकाचे कान आणखी एका ठिकाणी टवकारतात: रिचर्ड गिब्ज यांनी केलेल्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्राचे शब्द गायलेले आहेत. अमेरिकेत लिहिलेल्या, कॅनडात व्हँकुव्हरला चित्रित झालेल्या मालिकेत ते ऐकताना पहिल्यांदा दचकायला होतं. मग लक्षात येतं, की बारा वसाहतींच्या या लोकांचा धर्म, त्यांचे देव, त्यांच्या शपथा यांना जुनेपण यावं म्हणून निर्माते असे धागे कुठून कुठून गोळा करत होते. इतक्या बारकाईने उभ्या केलेल्या जगावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो. आणि शेवट जवळ आला की पणाला लागतो तो हाच विश्वास.

पृथ्वीच्या शोधाची सुरुवातच एका खोटेपणाने झाली होती. सगळं गमावलेल्या लोकांसमोर गॅलॅक्टिकाचा प्रमुख ॲडामा सांगतो की पृथ्वी कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याला माहीत नसतं. जगायला काहीतरी हवं म्हणून तो सांगतो, आणि रोझलिन ते ओळखते. आता मालिकेच्या लेखकांकडे बघू. दर आठवड्याला शीर्षकात सांगितलं जाई की सायलॉनांची एक योजना आहे. तशी सविस्तर योजना लेखकांजवळ नव्हती, हे निर्माते रोनाल्ड डी. मूर यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं. माणसाचं रूप घेऊन माणसांत दडलेले शेवटचे पाच सायलॉन कोण, तेही मालिका चालू असतानाच ठरलं. म्हणजे ताफा आणि लेखक दोघेही अंधारातच वाट काढत होते, आणि दोघांच्याही मागे माणसं भरवशाने चालत होती.

म्हणूनच त्या सात महिन्यांतली भीती मला रास्त वाटते. मालिका संपली की दुःख होतं, पण ते सोसता येतं. अवघड असतं ते शेवट फसला तर काय होईल याचं भय, कारण फसलेला शेवट मागे जाऊन आधीचं सगळं बदलून टाकतो. तेव्हा ज्या प्रसंगाने अंगावर काटा आला, तो आज आठवला की वाटतं, याचा पुढे काही अर्थच नव्हता का? विज्ञानकथेत ही भीती दुप्पट असते. परीकथेत जादू चालते. विज्ञानकथा मात्र पहिल्या पानावरच वाचकाशी करार करते की या जगाला नियम आहेत आणि इथे जे घडतं त्याला कारण असतं. त्या कराराची वसुली शेवटच्या प्रकरणात होते. चाहता उत्तरं मागतो ती निव्वळ कुतूहलापोटी मागत नाही. आपण इतकी वर्षं ठेवलेला भरवसा योग्य जागी होता, एवढं त्याला ऐकायचं असतं.

यावर कुणी म्हणेल, मग संपवूच नका. गॅलॅक्टिकाच्याच घराण्यात याचंही उदाहरण आहे. ग्लेन लार्सन यांची मूळ मालिका 1978 मध्ये आली आणि एका सीझननंतर बंद पडली. प्रवास अर्धाच राहिला. 1980 मध्ये 'गॅलॅक्टिका 1980' नावाने दहा भागांचं शेपूट जोडलं गेलं. त्यात ताफा पृथ्वीवर पोचलाही, पण घाईघाईने आणि स्वस्तात. मूळ मालिकेवर प्रेम करणाऱ्यांनी ते मनावेगळं केलं. त्या मालिकेतला नायक अपोलो साकारणाऱ्या रिचर्ड हॅच यांना ती अपुरी कथा स्वस्थ बसू देईना. त्यांनी त्या पात्रांवर कादंबऱ्या लिहिल्या, नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या हिमतीवर पुढच्या कथेची झलक चित्रित केली आणि ती घेऊन ते चाहत्यांच्या मेळाव्यांत फिरले. मूर यांची नवी मालिका आली तेव्हा हॅच यांचं स्वप्न त्यांनी पाहिलं होतं तसं उरलं नव्हतं. तरी ते तिच्यात टॉम झॅरेक या बंडखोर नेत्याच्या भूमिकेत आले. 2009 च्या फेब्रुवारीत, मालिका संपायला काही आठवडे उरलेले असताना, झॅरेकला गोळ्या घालून मृत्युदंड दिला जातो. त्या प्रसंगातला हॅच यांचा चेहरा मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. पात्राच्या मरणाकडे इतक्या शांतपणे बघणारा नट क्वचित दिसतो.

अपुरी राहिलेली गोष्ट चाहत्याच्या मनात अमर होते असं म्हणतात. मला ते पटत नाही. ती अडकून पडते, आणि तिच्याबरोबर तो माणूसही अडकतो.

दुसऱ्या टोकाला 'बॅबिलॉन 5' आहे. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची कथा सुरुवातीलाच आखली आणि 110 पैकी 92 भाग स्वतः लिहिले. तिथेही शेवट सुखासुखी हाती आला नाही. चौथ्या वर्षी मालिका बंद होणार अशी चिन्हं दिसली म्हणून अखेरचा भाग आधीच चित्रित करून ठेवला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवं वर्ष दिलं आणि तो भाग वर्षभर डब्यात राहिला. दरम्यान क्लॉडिया ख्रिश्चन ही अभिनेत्री मालिका सोडून गेली होती, त्यामुळे पाचव्या वर्षात कुठेही न दिसलेली इव्हानोव्हा 25 नोव्हेंबर 1998 च्या शेवटच्या भागात अचानक समोर येते. त्या भागात अंतराळस्थानकाचे दिवे मालवून शेवटी बाहेर पडणारा तंत्रज्ञ म्हणजे खुद्द स्ट्रॅझिन्स्की. लेखकाने आपल्या हाताने दिवा मालवावा, यात मला प्रेक्षकाचा मोठा सन्मान दिसतो.

गॅलॅक्टिकाचा दिवा तर भलत्याच हातांनी मालवला जायची वेळ आली होती. 2007 च्या नोव्हेंबरात हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला. जळालेल्या पृथ्वीनंतरचा भाग चित्रित होत असताना हाच आपला शेवटचा भाग ठरेल अशी धास्ती नटांना होती. संप 2008 च्या फेब्रुवारीत मिटला. लांबला असता तर मालिका त्या राखेतच संपली असती, आणि तोच खरा शेवट शोभला असता असं म्हणणारे चाहते मला भेटलेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण फळ्यावर एक मिळवणाऱ्या रोझलिनला तसं राखेत सोडून देणं मला मान्य झालं नसतं.

20 मार्च 2009 ला शेवट आला. तो आता सांगतो; ज्यांना कळायला नको असेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. ताफ्याला दुसराच एक हिरवागार ग्रह सापडतो आणि तीच आपली पृथ्वी ठरते. चाळीस हजारांहून कमी उरलेली माणसं सगळं तंत्रज्ञान टाकून देतात, जहाजं सूर्यात लोटून देतात आणि जगभर पांगतात. मेलेली असून परत आलेली वैमानिक स्टारबक बोलता बोलता नाहीशी होते. ती कोण होती ते शेवटपर्यंत कळत नाही. मग दीड लाख वर्षं उलटतात आणि आपण आजच्या न्यूयॉर्कमध्ये असतो. चाहते दुभंगले. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीही देवावर सोपवलेल्या या उकलीवर जाहीर नापसंती दाखवली. त्यांच्या स्वतःच्या महाकादंबरीचा पुढचा खंड वाचकांना 2011 नंतर मिळालेला नाही. गोष्ट संपवणं जाणत्यालाही किती जड जातं ते यावरून कळतं.

माझं मत विचाराल तर, स्टारबकचं नाहीसं होणं ही पळवाट होती. पाच दिवस झोप न मिळाल्याचा हिशेब ठेवणाऱ्या मालिकेला ती शोभली नाही. इतक्या माणसांनी औषधंसुद्धा एकमताने सोडून द्यावीत, हेही पटत नाही; या लोकांचं पाण्यावरूनदेखील कधी एकमत झालेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पण त्याच भागात रोझलिन ॲडामाच्या शेजारी बसून, छोट्या यानातून खालचे प्राण्यांचे कळप बघता बघता प्राण सोडते. तो बोलत राहतो, आणि मग त्याला कळतं. स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तो तिच्या बोटात घालतो. पहिल्या दिवशी कॅन्सरचं निदान झालेली ही बाई माणसांना जमिनीवर उतरवेपर्यंत जगली. हा करार मूर यांनी पै न् पै फेडला. याच मूर यांनी 1994 मध्ये ब्रॅनन ब्रागा यांच्यासोबत 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा अखेरचा भाग लिहिला होता, आणि माणसांचा निरोप कसा घ्यायचा हे त्यांना ठाऊक होतं. कोड्यांचा शेवट फसला, माणसांचा साधला. दोन्ही भावना मी आजही मनात बाळगून आहे आणि त्यांतली एक सोडून द्यावी असं मला वाटत नाही.

शेवटच्या भागाच्या तीन दिवस आधी, 17 मार्चला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चा झाली. मूर, सहनिर्माते डेव्हिड आयक, ॲडामा साकारणारे एडवर्ड जेम्स ओल्मोस आणि रोझलिन साकारणाऱ्या मेरी मॅक्डॉनेल तिथे होते. विषय होते मानवी हक्क, दहशतवाद, युद्धात होरपळणारी मुलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत, मालिका अजून चालू असताना, कॅलिफोर्नियातल्या पसाडेनात तिच्या वस्तूंचा लिलाव झाला. लोकांनी गणवेश विकत घेतले, हत्यारं घेतली, कोपरे कापलेले कागद घेतले. त्यांना कुणी वेडे म्हणो. पांगण्याआधी माणसं घरातली एखादी वस्तू मागून घेतात, तसंच ते होतं. दर आठवड्याला एकाच गोष्टीवर भांडणारी, थिअऱ्या लढवणारी, आकडा बघणारी मंडळी आता पुन्हा तशी एकत्र येणार नव्हती. शेवटाचं खरं दुःख बरंचसं या मोडणाऱ्या सोबतीचं असतं, आणि त्याची भरपाई कितीही चांगल्या लेखणीने होत नाही.

आज ही मालिका बघणाऱ्याला जळालेल्या मातीनंतरचा भाग काही सेकंदांत मिळतो. एक विनंती करतो. 2003 च्या लघुमालिकेपासून सुरुवात करा, '33' त्यानंतर येतो. घाई करू नका, आणि शक्य असेल तर कुणाला तरी सोबत घ्या. चौथ्या सीझनच्या मध्यावर पृथ्वी सापडली की तिथे थांबा. सात महिने नाही तर निदान आठवडाभर तरी पुढचा भाग लावू नका. शेवट तुम्हाला काय वाटला ते मग मला जरूर कळवा.