लाइफटाइम वॉरंटी
आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक ३० आणि ३१



राजगड-तोरणा करणाऱ्या बऱ्याच जणांच्या सॅकमध्ये लाल स्विस चाकू असतो. १८८४ साली सुरू झालेली व्हिक्टोरिनॉक्स कंपनी त्याच्या स्टीलमधल्या आणि बनावटीतल्या दोषांवर लाइफटाइम वॉरंटी देते. चाकू वीस वर्षं जुना असला तरी चालतो. पण अटी वाचा. रोजची झीज आणि चुकीचा वापर त्यात बसत नाही. पात्याने डबा उचकटायला गेलात आणि ते मोडलं, तर खर्च तुमचा.

आता हे दोन श्लोक बघा. भगवंत नेमकी तीच अट काढून टाकतात. माणूस कितीही दुराचारी असो, अनन्यभावाने मला भजू लागला की त्याला साधूच समजावं, असं ते सांगतात. म्हणजे चुकीच्या वापराने मोडलेलं पातंसुद्धा इथे घेतात!

मग काय, कसंही वागायचं? नाही. त्याचा निश्चय आता योग्य झालाय, हे कारण तिथेच दिलंय. पुढच्याच श्लोकात तो लवकर धर्मात्मा होतो. इथे खरोखर दुरुस्ती होते. आणि माझ्या भक्ताचा नाश होत नाही, ही हमी भगवंत अर्जुनालाच जाहीर करायला लावतात.

आपण मात्र "आधी सुधारतो, मग नामाला बसतो" म्हणत वर्षं घालवतो. चाकू घरी नीट करून मग कोणी सर्व्हिस सेंटरला नेतं का? मोडलाय तसाच न्यायचा.

आज एक माळ, आहे त्या मनाने.

राम कृष्ण हरी 🙏