माशी गेली, कोळी आला

बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो इवलासा उंचवटा असतो, त्याला आपल्याकडे ‘माशी’ म्हणतात. पुढे नळीवर दुर्बीण बसली. माशी गेली आणि तिच्या जागी चक्क कोळी आला. 1640च्या आसपास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज आकाशनिरीक्षकाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ताणला. दूरची वस्तू आणि धागा दोन्ही एकदमच स्पष्ट दिसले, आणि भिंगांच्या मध्ये खूण ठेवता येते हे माणसाला कळले. गॅस्कॉइन 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. त्याची रेघ बंदुकीवर चढायला अजून जवळपास दोनशे वर्षे होती.

जुन्या रायफलींच्या दुर्बिणींतल्या खुणा म्हणजे नुसत्या फुल्या नव्हेत. जर्मन शिकाऱ्यांच्या दुर्बिणीत डावीकडून, उजवीकडून आणि खालून तीन जाड खुंट यायचे, कारण रानडुक्कर तिन्हीसांजेला बाहेर पडते आणि त्या उजेडात बारीक तार दिसत नाही. अमेरिकेत अलाबामाच्या टी. के. ली यांनी उलटे केले. कोळ्याच्या धाग्यांवर एक ठिपका असा टांगला, की धागे जवळजवळ दिसेनासे व्हावेत आणि ठिपका अधांतरी तरंगावा. सावज कोणते आणि वेळ कोणती, हा अंदाज कारागिराने आधीच बांधलेला. काचेत उमटतो तो तोच.

हा अंदाज मला सगळ्यात उघडा दिसतो तो सोव्हिएत पीएसओ-1 मध्ये. आपल्या सैन्यानेही वापरलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवरची ही दुर्बीण. तिच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ आणि तिच्यावर उतरत गेलेली वक्ररेषा. समोरच्याचे पाय रेघेवर ठेवायचे. डोके वक्ररेषेला जिथे टेकेल, तिथला आकडा म्हणजे अंतर. त्यासाठी उंची धरली आहे 1.7 मीटर. समोर कोण येणार, हे काचेने येणाऱ्याला न पाहताच ठरवले आहे. उंटावरचा शहाणा निदान उंटावरून बघून तरी बोलतो!

आता दुर्बिणीतून डोळा काढून मराठवाड्यातल्या हिंगोलीकडे वळू. हिंगोलीला बंदूक नवी नाही. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची इथे छावणी होती. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 इथेच आहे. पण माझे लक्ष जाते ते औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याकडे. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे: काटकोनात दोन भुजा, प्रत्येक 4 किलोमीटर लांब, आत लेसरचा झोत. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. फुलीशी नाते सांगणाऱ्या या दोन रेघांना नेम मात्र धरता येत नाही. गुरुत्वीय लहर जवळजवळ कुठल्याही दिशेने येवो, अगदी पृथ्वीच्या पोटातून आरपार येवो, त्या थरथरतात; ती कोणत्या दिशेने आली हे एकट्या केंद्राला नीटसे सांगता येत नाही. दिशा ठरते ती दूरदूरच्या केंद्रांवर लहर पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून. 2015 मध्ये पहिली लहर सापडली तेव्हा अमेरिकेतली दोनच केंद्रे चालू होती आणि उगमाचा पट्टा सुमारे 600 चौरस अंशांचा निघाला. ऑगस्ट 2017 मध्ये इटलीतले व्हर्गो सोबतीला आले आणि एका लहरीच्या उगमाचा पट्टा 28 चौरस अंशांवर आला. इतका अरुंद, की दुर्बिणींना तो उगम त्याच दिवशी सापडला.