विंचू, उंबरठा आणि भूतदया

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रभागेचे वाळवंट उभे राहते. तिथे पाय भाजले तरी मन निवते. मारवाडचे वाळवंट निराळे. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेत तहानेने व्याकूळ झाले, ती विहिरीची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. त्या रुक्ष मुलखात, जैसलमेर-बाडमेरकडे, पाण्याइतकीच आणखी एक काळजी घरोघर असते, ती विंचवाची. त्यातून एक प्रश्न निघतो, आणि तो जितका मारवाड्याचा तितकाच आपलाही आहे. घरात आलेला विंचू मारला तर भूतदयेला बाध येतो काय? आणि न मारावा, तर लेकराबाळांचे काय?

एक पक्ष म्हणतो, सर्वांभूती एकच देव, तेव्हा मारू नये. दुसरा म्हणतो, अहो, दुष्टाला कसली दया? दिसला की चप्पल घालावी! दोन्ही पक्ष थोडे तपासून पाहू.

आधी विंचू दुष्ट आहे का ते बघा. हा जीव पृथ्वीवर चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे, माणूस कालचा. तो दिवसा दगडाखाली, भेगेत, बिळात दडतो आणि रात्री किडे धरून खातो. नांगी आहे ती भक्ष्यासाठी आणि स्वतःच्या रक्षणासाठी. माणसाला शोधत तो येत नाही; पाय पडला, हात लागला, तर मारतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण खरी आहे. पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत आई त्यांना पाठीवर वागवते. मात्र ती पिल्ले आईला खातात ही समजूत खोटी. म्हणजे दुष्टपणाचा आरोप टिकत नाही.

आता पहिला पक्ष. पाण्यात बुडणाऱ्या विंचवाला साधू पुनःपुन्हा बाहेर काढतो आणि तो पुनःपुन्हा डसतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्या गोष्टीत हात साधूचा स्वतःचा होता, हे आपण विसरतो. मारवाडातच १७३० साली खेजडली गावी झाडे तोडायला राजाची माणसे आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यासह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. त्यांनीही दिले ते स्वतःचे प्राण. घरातल्या विंचवाची गोष्ट तशी नाही. तिथे दया माझी आणि पाय मात्र रांगत्या पोराचा. दुसऱ्याच्या पायाने केलेली दया ही दया नव्हे. पुष्कळदा तो नुसता आळस असतो.

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीला असे वाटते की धर्म विंचू दिसल्यावर सुरू होत नाही, तो आदल्या दिवशी झाडू हाती घेतो तिथे सुरू होतो. दाराशी लाकडांचा ढीग आपणच रचायचा, भिंतीची भेग आपणच ठेवायची, आणि त्यात राहायला आलेल्याला ठार मारायचे, हा कुठला न्याय?

वाळवंटात विंचू घरात शिरतो तो गारव्यासाठी, ओलाव्यासाठी आणि किड्यांसाठी. म्हणून उपायही तसेच. सरपण, गोवऱ्या, दगडविटा भिंतीला लागून ठेवू नयेत. भेगा चुन्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात, दाराखालची फट पट्टी लावून बंद करावी. मोरी गळत असेल तर दुरुस्त करावी. दारावर रात्रभर पांढरा झगझगीत दिवा ठेवला की किडे जमतात, आणि किड्यांमागून विंचू. पिवळा दिवा बरा. विंचू खडबडीत भिंतीवर सहज चढतो, गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही. म्हणून बाज भिंतीपासून दूर घ्यावी, पाय काचेच्या बरण्यांत ठेवावेत, पांघरूण जमिनीवर लोळू देऊ नये. जोडा पायात घालण्यापूर्वी झटकावा. औषध फवारून फारसे साधत नाही, कारण तो भेगेत खोल दडून असतो. जांभळ्या अतिनील किरणांची बॅटरी मिळते. तिच्या उजेडात विंचू अंधारात हिरवट चमकतो. लांब चिमट्याने उचलून डब्यात घालावा आणि वस्तीपासून दूर सोडावा.

एवढे करूनही तो पोराच्या अंथरुणात निघाला आणि उचलायला अवसर नाही, तर? तर मारावा. तिथे पोराचे रक्षण हाच धर्म. पण मारून फुशारकी मारू नये. कोणत्या फटीतून आला ते शोधून ती फट त्याच दिवशी बुजवावी.

आणि डसलाच, तर मंत्र, धागा, चिरा यांत वेळ घालवू नये. लहान मुलाला धोका अधिक असतो. कोकणात लाल विंचवाने पूर्वी किती बळी घेतले! महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर वापरून दाखवले आणि मृत्यू पुष्कळ उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देवाचे नाव घ्यावे आणि पाय दवाखान्याकडे वळवावेत. यात विरोध मुळीच नाही.

नाथमहाराजांनी भारुडात काम-क्रोधाचा विंचू दाखवला. तो अर्थ थोर आहे. पण त्या आतल्या विंचवावर तासभर बोलून बाहेरची फट तशीच ठेवणे शोभत नाही. शेजारी एखादे मजुराचे खोपट असेल, जिथे माणसे भुईवर निजतात आणि भिंत लिंपायला सवड नाही, पैसा नाही. आपल्या घराच्या भेगा बुजवताना दोन घमेली चुना त्यांच्या भिंतीलाही द्यावा. विंचूही वाचेल, त्यांचे लेकरूही वाचेल.